पेजमेकरच्या जुन्या मराठी फायली नव्या संगणकावर: व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपी बसवण्याची सविस्तर रीत

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची पंधराएक वर्षं महाराष्ट्रातल्या छपाईचा मोठा भाग एका ठरलेल्या जोडीवर चालला. पानं लावायला पेजमेकर, आणि अक्षरांसाठी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा सी-डॅकचं आयएसएम. दिवाळी अंक, तालुक्याची साप्ताहिकं, स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कुळवृत्तान्त, लग्नपत्रिका असं कितीतरी त्यात जुळवलं गेलं. त्या फायली आजही अनेक प्रेसमध्ये आणि डीटीपी करणाऱ्यांकडे सीड्यांवर, जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. पेजमेकर ६.५ ची असेल तर नावाच्या शेवटी पी६५, ७ ची असेल तर पीएमडी. त्या उघडणारा एक्सपीचा संगणक मात्र कोपऱ्यात धूळ खात असतो, आणि त्याचा पॉवर सप्लाय किंवा डिस्क कधी दगा देईल याचा नेम नसतो.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. हे काम जुनं मशीन चालू आहे तोवरच करायचं. ते बंद पडल्यावर फायली मिळतातही एखाद्या वेळी, पण त्यांतले फॉन्ट, सिरीयल नंबर, कुलपाचे (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावावं लागणारं हार्डवेअर लॉक) ड्रायव्हर आणि लिपीच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज एकेक करून जुळवणं फार त्रासाचं होतं.

नव्या विंडोजवर अडतं कुठे?

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यानंतर अडोबीने सगळा जोर इनडिझाइन या पानं लावण्याच्या आपल्या नव्या प्रोग्रामवर दिला. पेजमेकर ७ हा ३२ बिटांचा प्रोग्राम आहे, त्यामुळे काही ठिकाणी तो विंडोज १० किंवा ११ वर सुरू होतोसुद्धा. पण सुरू होणं आणि त्यावर काम होणं यांत फरक आहे. प्रिंटची चौकट उघडताना तो कोसळतो, पीडीएफ निघत नाही, लिपीचं सॉफ्टवेअर कीबोर्डचा ताबा घेऊ शकत नाही, कुलपाचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजसाठी बनलेलाच नसतो. त्यात त्या काळच्या अनेक सीड्यांवरचा सेटअप प्रोग्राम १६ बिटांचा आहे. ६४ बिटांचं कुठलंही विंडोज १६ बिटांचा प्रोग्राम चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांमध्येच येतं. कम्पॅटिबिलिटी मोडने (विंडोजमधली जुन्या प्रोग्रामांसाठीची सोय) ही शेवटची अडचण सुटत नाही.

उपाय असा की व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामने नव्या संगणकाच्या आत एक आभासी संगणक तयार करायचा आणि त्यात एक्सपी घालायचं. पेजमेकरच्या दृष्टीने तो अस्सल जुना संगणकच असतो. पुढे मी नव्या संगणकाला ‘बाहेरचं मशीन’ आणि एक्सपीच्या आभासी संगणकाला ‘आतलं मशीन’ म्हणणार आहे.

कामाला लागण्याआधी पेजमेकर थेट नव्या विंडोजवर तासभर वापरून बघायला हरकत नाही. कुलूप नसलेले साधे फॉन्ट आणि दोन-चार पानांची कामं असतील तर तेवढ्यावर भागू शकतं. छापण्याजोगी पीडीएफ तिथे स्वच्छ निघाली तर पुढचा खटाटोप नको. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडायच्या, नंतरच्या उघडत नाहीत. सीएस६ मध्ये उघडलेल्या मराठी फायलींतही ओळी हलतात, म्हणून पान जसंच्या तसं हवं असेल तर पेजमेकरला पर्याय नाही.

जुन्या मशीनमधून काय काय काढून घ्यायचं

नुसत्या पीएमडी फायली पेनड्राइव्हवर घेतल्या म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. ते पुरेसं नाही. पेजमेकरमध्ये मोठं चित्र आणताना एक प्रश्न यायचा, चित्राची पूर्ण प्रत फायलीतच ठेवायची का? २५६ केबीच्या पुढच्या चित्राला तो विचारायचा आणि आपण घाईत ‘नो’ म्हणायचो. म्हणजे ती चित्रं फायलीच्या बाहेर, भलत्याच फोल्डरमध्ये राहिली आहेत.

यावर पेजमेकरमध्येच सोय आहे. फाइल उघडून ‘सेव्ह अॅज’ करा आणि त्या चौकटीत ‘कॉपी’ या शीर्षकाखाली ‘ऑल लिंक्ड फाइल्स’ निवडा. चित्रं नव्या फोल्डरमध्ये सोबत येतात. युटिलिटीज मेनूतल्या प्लग-इन्समध्ये ‘सेव्ह फॉर सर्व्हिस प्रोव्हायडर’ आहे, ते एक पाऊल पुढे जाऊन फायलीत कोणते फॉन्ट लागतात आणि कोणते सापडत नाहीत याची यादी देतं. महत्त्वाच्या अंकांसाठी ही यादी आवर्जून काढा आणि छापून ठेवा.

याशिवाय विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करा. पेजमेकरच्या फोल्डरमध्ये आत पीपीडी४ नावाचा फोल्डर असतो, त्यात प्रिंटरची वर्णनं असतात, तोही घ्या. श्रीलिपी किंवा आयएसएमची कीबोर्डची निवड (इनस्क्रिप्ट, टाइपरायटर की फोनेटिक) आणि भाषा बदलण्याची कळ लिहून ठेवा. एक्सपीची, पेजमेकरची, लिपीच्या सॉफ्टवेअरची आणि कुलपाच्या ड्रायव्हरची सीडी, प्रत्येकीची आयएसओ फाइल (सीडीची हुबेहूब प्रत) बनवा. जुन्या मशीनमध्ये सीडी ड्राइव्ह असतोच, आणि इमेजबर्नसारखा फुकट प्रोग्राम हे काम करतो. वीस वर्षं जुनी सीडी कधी वाचली जाते, कधी नाही. एकदा आयएसओ झाली की ती चिंता मिटते.

सीड्याच हरवल्या असतील तर दुसरा मार्ग आहे. जुन्या मशीनची डिस्क काढायची, यूएसबी अडॅप्टरने बाहेरच्या मशीनला जोडायची (तिची जोडणी जुन्या आयडीई प्रकारची आहे की नंतरच्या साटा, हे पाहून अडॅप्टर घ्या) आणि मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या डिस्क२व्हीएचडीने तिची व्हीएचडी फाइल करायची. व्हर्च्युअलबॉक्सला ही फाइल डिस्क म्हणून चालते. पण एक्सपी आपल्या मूळ मदरबोर्डशी बांधलेलं असतं. परक्या हार्डवेअरवर उठताना ते बहुधा निळा पडदा दाखवतं, आणि उठलंच तर अॅक्टिव्हेशन पुन्हा मागतं. सीड्या हाताशी असतील तर कोरं एक्सपी बसवणं मला कधीही बरं वाटतं. जुन्या डिस्कमधले व्हायरसही सोबत येत नाहीत. व्हीएचडी करून ठेवा, पण ती फायली शोधण्यासाठी.

लायसन्सचं स्पष्ट बोलू. संगणकासोबत आलेलं ओईएम एक्सपी त्याच संगणकापुरतं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल एक्सपी दुसरीकडे हलवता येतं. एक्सपी बसवल्यावर ३० दिवसांत अॅक्टिव्हेट करावं लागतं. तुमच्याकडे यांपैकी कोणतं आहे ते आत्ताच तपासा. बाजारात मिळणाऱ्या ‘तयार’ एक्सपीच्या नादी लागू नका, त्यांत काय भरलेलं असतं ते कळायला मार्ग नाही.

बाहेरचं मशीन तयार करणं

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ असं दिसलं पाहिजे. ‘डिसेबल्ड’ असेल तर संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये जावं लागेल. इंटेलच्या मशीनवर त्याला इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या मशीनवर एसव्हीएम मोड. ते चालू करा.

इथे एक इशारा. अॅपलच्या एम१ आणि त्यापुढच्या चिपचे मॅक, तसंच स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप यांच्यावर ही रीत चालत नाही. त्यांचा प्रोसेसर एआरएम घराण्यातला आहे आणि एक्सपी इंटेल घराण्यातलं. तिथे प्रोसेसरची नक्कल करणारं यूटीएम किंवा क्यूईएमयू लागतं आणि ते हळू चालतं. जुनी फाइल उघडून पीडीएफ काढण्यापुरतं जमेल, रोजच्या कामाला नाही. या कामासाठी साधा इंटेल किंवा एएमडीचा संगणक घ्या, ८ जीबी मेमरी पुष्कळ झाली.

आता सॉफ्टवेअर कोणतं? विंडोज प्रोमध्ये हायपर-व्ही आयतं असतं, पण ते यूएसबी उपकरण थेट आतल्या मशीनला देत नाही. कुलूपवाल्या श्रीलिपीसाठी ते तिथेच बाद होतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे आणि चांगलं आहे. मी व्हर्च्युअलबॉक्स सुचवतो, कारण ते मुक्त स्रोत आहे, त्याची मशीनं साध्या फोल्डरमध्ये राहतात आणि उद्या लिनक्सवर गेलात तरी तीच तिथे उघडतात. ओरॅकलच्या अधिकृत स्थळावरून मूळ पॅकेज उतरवून घ्या. सोबतचा ‘एक्स्टेन्शन पॅक’ घेऊ नका. तो घरगुती आणि शैक्षणिक वापरालाच फुकट आहे, प्रेससाठी वेगळं लायसन्स लागतं. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ ची सोय मूळ पॅकेजमध्येच आली असल्याने आपल्याला त्याची गरजही नाही.

आतलं मशीन पुढे फार हळू चालू लागलं आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर समजा की विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही मध्ये आलं आहे. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढा. तरीही कासव राहिलं तर विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी कारण असते. ती बंद केली की बाहेरच्या मशीनचं एक संरक्षण कमी होतं, म्हणून वेग खरोखरच सोसवत नसेल तरच बंद करा.

आतलं मशीन बनवताना

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’ म्हणा, नाव द्या, एक्सपीची आयएसओ दाखवा आणि प्रकार ‘विंडोज एक्सपी (३२-बिट)’ निवडा. व्हर्च्युअलबॉक्स आपणहून सगळं बसवून देण्याची तयारी दाखवेल. ते नाकारा आणि हाताने बसवा. पुढच्या गोष्टी मशीन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच ठरवाव्या लागतात:

मेमरी १०२४ एमबी. एक्सपीला आणि पेजमेकरला यापेक्षा जास्त देऊन फायदा नाही.
प्रोसेसर एकच. नंतर वाढवू नका, एक्सपीचा गाभा बसवताना दिसलेल्या रचनेवर ठरतो.
डिस्क २० जीबी, गरजेप्रमाणे वाढणारी, व्हीडीआय प्रकारची. आणि ती आयडीई कंट्रोलरवर. एक्सपीच्या सीडीवर साटाचा एएचसीआय ड्रायव्हर नाही, त्यामुळे साटावर ठेवली तर डिस्क सापडतच नाही.
डिस्प्लेमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर ‘व्हीबॉक्सव्हीजीए’, व्हिडिओ मेमरी ६४ एमबी, ३डी बंद.
यूएसबी २.० (ईएचसीआय). यूएसबी ३ चे ड्रायव्हर एक्सपीत नाहीत.
नेटवर्क अडॅप्टर बंद.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टला मुद्दाम एक्सपीसाठी दुरुस्ती काढावी लागली होती, इतकं ते उघडं पडलं आहे. पेजमेकरला इंटरनेट लागत नाही. मग आतल्या मशीनला ते देऊच नका. फायलींची ये-जा नेटवर्कशिवाय होते, ते पुढे येईलच.

एक्सपी बसवणं आणि त्यानंतर लगेच

मशीन सुरू केलं की ओळखीचा निळा सेटअप येतो. एफ८ दाबून अटी मान्य करा, पूर्ण डिस्कचा एकच भाग करा, एनटीएफएस क्विक फॉरमॅट निवडा. प्रादेशिक सेटिंग्ज विचारल्यावर ‘कस्टमाइज’मध्ये जाऊन ‘लँग्वेजेस’खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या फायली बसवण्याची खूण करा. त्यामुळे युनिकोड (आजच्या संगणकांवरची प्रमाण) देवनागरी आतही दिसते. पण युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा इंग्रजीच राहू द्या. श्रीलिपी, कृतिदेव यांचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी आकार बसवून बनले आहेत, ती जागा हलली की अक्षरं चुकतात. सीडी सर्व्हिस पॅक ३ ची नसेल तर तो पॅक बाहेर उतरवून आत बसवा.

कर्सर आतल्या खिडकीत अडकला तर उजवी कंट्रोल कळ दाबा, तो सुटतो. तुमच्या लॅपटॉपवर उजवी कंट्रोल नसेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट’खाली दुसरी कळ ठरवा.

मग डिव्हाइसेस मेनूतून ‘गेस्ट अॅडिशन्स’ची सीडी (आतल्या मशीनसाठीची व्हर्च्युअलबॉक्सची जोडसाधनं) घाला आणि बसवा. ३डीचा पर्याय विचारला तर नको म्हणा. नव्या आवृत्तीच्या अॅडिशन्स एक्सपीवर कधी अडखळतात, तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स ५.२ च्या अॅडिशन्सची आयएसओ जुन्या आवृत्त्यांच्या विभागातून घेऊन वापरा. त्यानंतर पडदा खिडकीइतका होतो आणि ‘शेअर्ड फोल्डर’ चालू होतो. ४के पडद्यावर एक्सपीची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, त्यासाठी व्ह्यू मेनूत व्हर्च्युअल स्क्रीन दीडशे किंवा दोनशे टक्क्यांवर मोठा करा.

बाहेर एक फोल्डर करा, समजा ‘देवघेव’ नावाचा. मशीनच्या सेटिंग्जमध्ये शेअर्ड फोल्डर्समध्ये तो जोडा, ‘ऑटो-माउंट’वर खूण करा. आत तो नेटवर्क ड्राइव्हसारखा दिसतो. पेजमेकरची फाइल त्या फोल्डरमधून थेट उघडू नका. आधी आतल्या मशीनच्या डिस्कवर कॉपी करा, काम करा, मग परत कॉपी करा. पेजमेकर काम चालू असताना फायलीत सतत लिहीत असतो, त्याला स्वतःची डिस्कच मानवते.

इथवर झालं की मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या, ‘कोरं एक्सपी’ असं नाव द्या. पुढे काहीही बिघडलं तर या टप्प्यावर परत येता येतं.

कुलूप

श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकसह यायचं, आणि बहुतेक जण याच पायरीवर अडून बसतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आतल्या मशीनमध्ये कुलपाचा ड्रायव्हर बसवा, नंतर कुलूप बाहेरच्या मशीनला लावा. सेटिंग्जमध्ये यूएसबीखाली अधिकचं चिन्ह दाबून यादीतून ते निवडलं की त्याचा फिल्टर तयार होतो. पुढे आतलं मशीन सुरू असताना कुलूप आपोआप आत जातं, बाहेरच्या विंडोजला ते दिसत नाही. बाहेर त्याचा ड्रायव्हर नसला, उपकरणापुढे पिवळी खूण असली तरी फरक पडत नाही, ते व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत दिसलं की झालं.

प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लागणारं जुनं कुलूप असेल तर मामला अवघड आहे. नव्या संगणकांना ते पोर्ट नाही. बाजारातली यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटरची भाषा बोलते, कुलपाची नाही, त्यावर पैसे घालवू नका. मूळ कंपनीकडे जुनं कुलूप देऊन यूएसबीचं मिळतं का ते विचारा. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचीच आहे. काही कुलपं आभासी मशीन ओळखून नकार देतात, तिथेही कंपनीशीच बोलावं लागतं. तोवर एक तोड आहे. फायली नुसत्या उघडून छापायच्या असतील तर टाइप करण्याचं सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त फॉन्ट लागतात. लायसन्स घेतलेले तुमचे फॉन्ट आतल्या मशीनमध्ये बसवले की जुनं पान जसंच्या तसं उघडतं. अनेकांची गरज एवढ्यावरच भागते.

लिपी आणि पेजमेकर

पेजमेकर बसवण्याआधी आतल्या मशीनमध्ये एक पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) समजणारा प्रिंटर हवा. प्रिंटरच नसेल तर पेजमेकर सुरुवातीलाच कुरकुर करतो, आणि पानाची आखणीही तो निवडलेल्या प्रिंटरला विचारून करतो. कंट्रोल पॅनलमधून प्रिंटर जोडा, लोकल निवडा, आपोआप शोधण्याची खूण काढा, पोर्ट म्हणून ‘फाइल’ निवडा. उत्पादकांच्या यादीत ‘जेनेरिक’ आणि त्यात ‘एमएस पब्लिशर इमेजसेटर’. प्रत्यक्षात असा प्रिंटर नाही, पण त्यातून निघणारी पोस्टस्क्रिप्ट फाइल स्वच्छ असते. त्याला डिफॉल्ट करा.

मग लिपीचं सॉफ्टवेअर, मग पेजमेकर, शेवटी जुन्या मशीनमधून आणलेले जास्तीचे फॉन्ट आणि पीपीडी. फॉन्ट हजारांनी कोंबू नका, छापलेल्या यादीत आहेत तेवढे पुरे.

भाषा बदलायला अनेकांच्या सेटिंगमध्ये स्क्रोल लॉक असतं आणि आजच्या लॅपटॉपवर ती कळच नसते. व्हर्च्युअलबॉक्सच्या इनपुट मेनूत कीबोर्डखाली ‘सॉफ्ट कीबोर्ड’ आहे, त्यावर माउसने स्क्रोल लॉक दाबता येतं. रोज टाइप करायचं असेल तर लिपीच्या सॉफ्टवेअरमध्येच दुसरी कळ ठरवा, किंवा सगळ्या कळांचा यूएसबी कीबोर्ड लावा.

एखादी ओळखीची जुनी फाइल उघडा. ‘फॉन्ट मिसिंग’ची चौकट आली तर बदली फॉन्ट निवडू नका, रद्द करून नेमका फॉन्ट बसवा. मराठीत बदली फॉन्ट म्हणजे पानभर अगम्य रोमन चिन्हं. छापील अंक शेजारी ठेवून ओळीचे शेवट जुळतात का पाहा. जुळले की दुसरा स्नॅपशॉट घ्या.

पीडीएफ काढणं

पेजमेकर ७ सोबत अॅक्रोबॅट डिस्टिलर ५ हा पीडीएफ बनवणारा प्रोग्राम यायचा. तो बसवला असेल तर एक्सपोर्टमधून थेट पीडीएफ निघते. पण मला दोन पायऱ्यांची वाट जास्त भरवशाची वाटते: आत पोस्टस्क्रिप्ट फाइल बनवायची, बाहेर तिची पीडीएफ करायची.

प्रिंटच्या चौकटीत वरचा प्रिंटर आणि त्याचीच पीपीडी निवडा. ‘पेपर’मध्ये कागदाचा आकार पाहा. इथे आपोआप लेटर आलेलं असतं आणि ए४ पानाची खालची ओळ कापली जाते. साप्ताहिकाच्या मोठ्या पानाला कस्टम आकार द्या, कापाच्या खुणा हव्या असतील तर चारही बाजूंना जास्तीची जागा धरून. मग ‘ऑप्शन्स’मध्ये ‘राइट पोस्टस्क्रिप्ट टू फाइल’वर खूण करा आणि फॉन्ट डाउनलोड करण्याच्या ठिकाणी पोस्टस्क्रिप्ट आणि ट्रूटाइप दोन्ही निवडा. हे निवडायचं राहून गेलं तर फॉन्ट फायलीत जात नाहीत आणि बाहेर सगळी मराठी मोडते.

ती फाइल देवघेव फोल्डरमध्ये टाका. बाहेर घोस्टस्क्रिप्ट हा मुक्त प्रोग्राम तिची पीडीएफ करतो. पीडीएफ वाचकात उघडून प्रॉपर्टीजमधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये जा. प्रत्येक मराठी फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ (म्हणजे फॉन्ट फायलीतच आहे) लिहिलेलं असलं पाहिजे. एकाही नावापुढे ते नसेल तर ती फाइल छापायला पाठवू नका.

मजकूर युनिकोडमध्ये आणणं

अशी पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकासाठी ती मराठी नसते. तिच्यात शब्द शोधता येत नाही, कॉपी केलं तर कचरा मिळतो. अंकांचा मजकूर पुढे वापरायचा असेल, संकेतस्थळावर ठेवायचा असेल, तर युनिकोडमध्ये आणणं हाच खरा बचाव आहे. पेजमेकर चालू झाल्यावर हे काम पुढे ढकलू नये असं मी आग्रहाने सांगेन.

पेजमेकरमध्ये मजकुराच्या आत कर्सर ठेवून कंट्रोल-ई दाबलं की स्टोरी एडिटर उघडतो, एक लेख सलग दिसतो. फाइल मेनूतल्या एक्सपोर्टमधून तो बाहेर काढा आणि प्रकार आरटीएफ निवडा, साधा टेक्स्ट नको. आरटीएफमध्ये कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये होता ही नोंद राहते. लेखात मध्येच इंग्रजी नाव किंवा इंग्रजी आकडे असले तर ते मराठी नाहीत हे तिच्यावरूनच कळतं. साध्या टेक्स्टमध्ये ती नोंद पुसली जाते आणि परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) इंग्रजी शब्दांचंही काहीतरी भलतंच करून ठेवतो.

परिवर्तक तुमच्या फॉन्टचाच हवा. श्रीलिपीचा, आयएसएमच्या डीव्ही-टीटी सुरेखचा आणि कृतिदेवचा आराखडा एकमेकांशी जुळत नाही. या सगळ्यांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली आहेत. ‘कि’मध्ये पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी येतो. रफाराचं उलट, दिसतो शेवटी पण साठवायचा आधी. म्हणून परिवर्तकाला नुसती चिन्हं बदलून चालत नाही, क्रमही फिरवावा लागतो, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. तपासताना ‘पूर्वी’, ‘वैशिष्ट्य’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शृंगार’, ‘अर्धविराम’ असे शब्द मजकुरात शोधा. ‘ऱ्या’ अनेकदा ‘र्‍या’ किंवा ‘र्या’ होऊन येतो. एका अंकात सापडलेली चूक त्या फॉन्टच्या सगळ्या अंकांत असते, त्यामुळे शोधा-आणि-बदलाची एक यादी करत गेलात की दुसऱ्या-तिसऱ्या अंकापासून काम भराभर होतं. युनिकोड मजकूर परत पेजमेकरमध्ये चिकटवायला जाऊ नका, तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. नवीन पानं बाहेरच, युनिकोड समजणाऱ्या प्रोग्राममध्ये लावा.

राखण

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. मशीन पूर्ण बंद असताना (‘सेव्ह स्टेट’ करून नव्हे) फाइल मेनूतून ‘एक्सपोर्ट अप्लायन्स’ करा. सगळं आतलं मशीन एका ओव्हीए फायलीत येतं. ती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यांतली एक प्रेसच्या बाहेर, कुणाच्या तरी घरी. शेजारी सीड्यांच्या आयएसओ, सिरीयल नंबर आणि फॉन्टची यादी ठेवा. कुलूप ओव्हीएमध्ये येत नाही, ते वेगळं जपा आणि त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवा.

मग ती ओव्हीए दुसऱ्या एखाद्या संगणकावर ‘इम्पोर्ट’ करून एक फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. हार्डवेअर बदललं असं वाटून एक्सपीने पुन्हा अॅक्टिव्हेशन मागितलं तर ते आत्ताच कळेल. पीडीएफ तिथेही जशीच्या तशी निघाली, की मग जुनं मशीन भंगारात द्यायला हरकत नाही. त्याची हार्ड डिस्क मात्र काढून ठेवा.